सहगायन व आरोग्य

आपल्या पडेगावाहून वाट दौलताबादेस जाते. तेथें जनार्दनस्वामींपाशीं शिकून पैठणच्या एकनाथांनीं पुढें भारुडें रचिलीं. भारुड एकानें म्हणावें, पालुपद सर्वांनीं झेलावें.

अशा गायनाचा देहासही लाभ होतो. लांब चरण गातांना श्वास सावकाश सोडावा लागतो. त्यायोगें हृदयाची गति मंदावते. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथें २०१३ सालीं संशोधकांस आढळलें कीं, एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयांची गति बरोबरच वाढते व उतरते.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस व पालकांस विनवितों कीं, गळा गोड नाहीं एवढ्यावरून कोणास भजनांतून वगळूं नये. रोगावर औषध घ्यावेंच. परंतु एकट्या पडलेल्या आजोबांच्या हातीं टाळही द्यावे.