‘ने’ म्हणताना जरा जपून

सोफियात तीन वर्षं नोकरी केली. बल्गेरियन फारशी आली नाही, पण ‘ने’ म्हणजे ‘नाही’ एवढं जिभेवर बसलं. पुढे त्या एका अक्षराने बरंच शिकवलं.

१. सीमा ओलांडली की जीभ आवरावी. थेसालोनिकीला गेले होते. सकाळी एका दुकानात बुगात्सा मागितला. कुरकुरीत पापुद्र्यांत रव्याचं मऊ गोड सारण. दुकानदार काकांनी सुरीने खटाखट तुकडे केले, पिठीसाखर भुरभुरली आणि दालचिनीची डबी उचलून विचारलं, ‘कानेला?’ मला दालचिनीचा वासही सोसत नाही. म्हटलं, ‘ने, ने!’ काका खूश! डबी दोनदा झटकली. मी आणखी जोरात ‘ने!’ पुढचं सांगायला नको. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’.

२. मानेच्या भरवशावरही राहू नये. बल्गेरियात आडवी मान म्हणजे होकार, उभी म्हणजे नकार. ग्रीक माणूस नाही म्हणताना हनुवटी वर उचलतो. आपली मराठी मान या सगळ्यांच्या मधेच कुठेतरी डोलते.

३. आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही. बल्गेरियन, चेक, सर्बियन ‘ने’ आणि संस्कृत ‘न’ एकाच मुळातले, म्हणजे आपलं ‘नाही’ त्यांच्या भावकीतलं. ग्रीक ‘ने’चं कूळ निराळं. प्राचीन ग्रीकमध्ये ‘खरंच, नक्की’ अशी ग्वाही देणारं ‘नाइ’ होतं. लिहितात अजून तसंच, उच्चार तेवढा बदलला.

४. ग्रीकांचा नकार म्हणजे ‘ओही’. आपल्या कानाला तोच ‘हो’सारखा वाटतो, हे आणखी एक! पण या शब्दाला तिथे केवढा मान. १९४० साली मुसोलिनीची धमकी झुगारली म्हणून २८ ऑक्टोबरला ‘ओही’ची चक्क राष्ट्रीय सुट्टी असते. २०१५च्या सार्वमतातही ६१ टक्के मतं ‘ओही’लाच पडली.

५. पोर्तुगीज ‘ने?’ भेटला तर मात्र घाबरू नये. ‘नाऊं ए’, म्हणजे ‘नाही का’, याचं ते आखूड रूप. आपण ‘येतेस ना?’ म्हणतो, त्यातला ‘ना’च जणू.

६. असले किस्से आईला सांगू नयेत. फोनवर म्हणाली, ‘शाळेत जाताना डबा ने, डबा ने म्हणून घसा कोरडा करायचे, तेव्हा माझा ‘ने’ कळत नव्हता. आता ग्रीकांचा कळला होय?’