नदीकांठची मासेमारी व मगरीची ओळख

कृष्णाकांठच्या मळईवाल्या शेतकऱ्यांस मासेमारी हा धंदा नसला, तरी रिकाम्या वेळेचा तो नेहमींचा उद्योग आहे. मोटार चालू करावी आणि पाणी सरीच्या टोकास पोंचेपर्यंत गळ टाकून बसावें, हें दृश्य भिलवडी, औदुंबर, कसबे डिग्रज या पट्ट्यांत नवें नाहीं. याच पट्ट्यांत मगरींची वस्ती आहे व त्यांच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं आहेत. तेव्हां गळ टाकणाऱ्यानें या प्राण्याची वहिवाट सातबाऱ्याइतक्या बारकाईनें वाचावी, असें आम्हांस वाटतें.

प्रथम नांवाविषयीं. आपल्याकडे तिला सर्रास सुसर म्हणतात. खरी सुसर निराळी. तिचा जबडा लांब व चिंचोळा, आहार मुख्यतः माशांचा, आणि वास्तव्य चंबळ, गंगा अशा उत्तरेकडील नद्यांत. कृष्णेंत आहे ती रुंद जबड्याची मगर. मासे तर ती खातेच, पण पक्षी, कुत्रीं, शेळ्या यांवरही झडप घालते. नांवाच्या घोटाळ्यानें कोणीं निर्धास्त राहूं नये.

मगरीच्या अंगांत आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. म्हणून थंडीच्या दिवसांत ऊन चढतांच ती वाळूवर येऊन पडते. लोक तिला तेव्हां पाहतात आणि भितात. वास्तविक दिसणाऱ्या मगरीहून न दिसणारी अधिक घातक. डोळे व नाकपुड्या एवढेंच वर ठेवून ती कांठाशीं येते; गढूळ पाण्यांत तेंही दिसत नाहीं. वांकून जाळें ओढणारा अथवा मासे धुणारा मनुष्य तिला लहान सावजासारखा भासण्याचा संभव असतो.

साधारणतः माघापासून चैत्रापर्यंत मादी पाण्याच्या पातळीहून उंच अशा उतारावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडीं घालते व तीं मातीनें झांकते. सुमारें दोन महिन्यांनीं पिलें निघतात. नर निघणार कीं मादी, हें खड्ड्यांतील उष्णतेवर ठरतें, ही मोठी नवलाची गोष्ट होय. आंतील पिलांचा आवाज ऐकून आई खड्डा उकरते आणि पिलांस जबड्यांत धरून पाण्यांत नेते. या काळांत ती जागेची राखण करते. नेमक्या याच दिवसांत नदी आटून मासे डोहांत गोळा होतात आणि मासेमारीस जोर येतो! ज्या कांठाची वाळू व माती खरवडून नेली, तेथील मादीस दुसरी जागा शोधावी लागते. ती आपल्या बांधालगतही असूं शकेल.

यास्तव रोज एकाच जागीं, एकाच वेळीं बसूं नये. माशांची आंतडीं तेथेंच पाण्यांत टाकण्याची संवय तर सर्वांत वाईट. त्यानें आपणच तिला निमंत्रण देतों. काठी लांब घ्यावी, पाण्यापासून पांच-सहा हात मागें बसावें, दिवेलागणीपूर्वीं उठावें. पाग टाकणाऱ्यानें दोरीचा फांस मनगटास पक्का बांधूं नये. जाळ्यांत विरोळा आला तर तो चावरा, पण बिनविषारी. त्यास सोडून द्यावें. मगर अडकल्यास मात्र ओढाताण न करितां दूर व्हावें आणि वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला मारणें हा गंभीर गुन्हा आहे.

मगरीच्या हल्ल्यांत मनुष्य वा जनावर दगावल्यास महाराष्ट्र शासनाकडून अर्थसाहाय्य मिळतें. आमची हयात दप्तरांत गेली, त्यावरून सांगतों कीं, मोघम पंचनामा हा अर्जदाराचा पहिला शत्रु. वर्दी त्याच दिवशीं द्यावी. गट नंबर, कांठाची दिशा, वेळ व पाहणाऱ्यांचीं नांवें नोंदवावींत आणि आपली प्रत मागून घ्यावी.

पुराची गोष्ट निराळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत बेळगांव जिल्ह्यांतील रायबाग तालुक्यांत एक मगर घराच्या छपरावर चढलेली दिसली. पाणी ओसरल्यावर कांहीं दिवस उसाच्या सरींत व साचलेल्या डबक्यांत मासे धरण्यास मुलांस पाठवूं नये. मोठ्यांनींही हातांत काठी व उजेड घेऊनच उतरावें.