पातेल्यात काय शिजत होतं

लातूर,
मार्गशीर्ष, शुक्रवार

चि. सोनू,


तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. पुढच्या शनिवारी तुमची पुस्तक-भिशी पहिल्यांदाच तुझ्या घरी, तुला धरून नऊ जणी, पुस्तक 'पाचोळा'; आणि जेवायला नान-खलिया, पनीरची भाजी, जिरा राईस, दहीवडे, वर इमरती. तुझा उत्साह बघून बरं वाटलं. पण बेत चुकलाय गं. का चुकलाय ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून कागद घेतला.

नान-खलिया हा तुझ्या शहराचा मान आहे. १३२७च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराबरोबर हा पदार्थ आला, असं जुनी माणसं सांगतात. देगच्या देग मटण आणि भट्टीतले नान, एका वेळी शेकडो माणसं जेवतील असं ते अन्न. पुण्याच्या मैत्रिणीला शहर दाखवायचं असेल तर तिला शहागंजच्या बाजूला घेऊन जा आणि पोटभर खाऊ घाल. पण 'पाचोळा' ही त्या शहराची गोष्ट नाही. ती खेड्यातल्या एका शिंप्याच्या बायकोनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली गोष्ट आहे. शिलाईचं काम हातचं जातं आणि डोळ्यांदेखत घर विस्कटत जातं. १९७१ साली ही कादंबरी आली. रा. रं. बोराडे सर मूळचे आपल्या लातूरकडचे, काटगावचे. पुढं तुमच्या शहरात देवगिरी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. २०२५च्या फेब्रुवारीत गेले. ज्या शहरात ते एवढी वर्षं राहिले, तिथं त्यांचं पुस्तक वाचायला बसताय, तर त्या शिंपिणीच्या चुलीपर्यंत तरी जायला हवं.

म्हणून आधी एवढं कर. पुस्तक पुन्हा वाच आणि हातात पेन्सिल ठेव. कोण रांधतंय, कोण आधी जेवतंय, कोण ताटावरून उठून जातंय, कुठं जेवणाचं नाव निघायला हवं होतं आणि निघत नाही, तिथं तिथं समासात खूण कर. बेत त्या खुणांवरून ठरू दे. खाण्याचं वर्णन शोधत बसू नकोस. पुष्कळ चांगल्या कादंबऱ्यांत ते नसतंच. गोष्ट सांगणाऱ्या बाईच्या पातेल्यात त्या दिवशी काय असेल, हे आपल्याला कळायला हवं. ते कळलं की बाईही कळायला लागते.

हे मला माझ्या चुकीतून कळलं. आमची भिशी पैशांचीच होती. दर महिन्याला जमलेल्या रकमेतून जिची चिठ्ठी निघेल तिनं पुस्तकं घ्यायची, सगळ्यांनी वाचायची आणि तिच्या घरी जेवायला जमायचं. माझ्या पाळीला नेमाडे यांची 'कोसला' होती. नेमाडे पुढं तुमच्याच शहरात विद्यापीठात शिकवायला होते, त्यामुळे आम्हाला ती आपल्या घरचीच वाटायची. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातला, म्हणून मी वांग्याचं खानदेशी भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी केली. वांगी जळगावहून मागवली होती. बायका आल्या आल्या पानं वाढली. भरताचं इतकं कौतुक झालं, इतक्या जणींनी कृती लिहून घेतली, की मनीच्या मरणाविषयी कुणी एक वाक्य बोललं नाही. सांगवीकराची ती धाकटी बहीण देवीनं जाते आणि पुस्तकाचा सगळा सूर बदलतो. त्यावर बोलायला म्हणून तर आम्ही जमलो होतो. रात्री भांडी घासताना मला रडू आलं. तो पोरगा निम्मं पुस्तक पुण्यात होस्टेलवर मेसचं खातो, आणि मी त्याला जावयासारखं वाढलं होतं. शिवाय चर्चेच्या आधी वाढलं, ही दुसरी चूक.

तेव्हा आधी पुस्तक, मग पान. आल्या आल्या वाटीभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा दे, आणि पाणी. तासभर बोलणं होऊ दे. सुरुवातीला दोन पानं मोठ्यानं वाचा. ही कादंबरी मुळात बोललेलीच आहे. वाचायला मात्र तुमच्यातली नाटकात कामं करणारी नको. बीड-परभणीकडची जी कोणी असेल, जिच्या तोंडात ती बोली अजून आहे, तिला पुस्तक दे. ती आधी लाजेल. आपलं बोलणं चारचौघींत झाकायची सवय लागलेली असते. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत लाज जाते, हे मी पाहिलंय.

आता जेवण. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कारळ्याची चटणी, फोडलेला कांदा. बस्स. थंडी आहे, शेतातून हरभऱ्याचा पाला मिळाला तर त्याची भाजी कर, नाहीतर राहू दे. पनीर नको, भात नको, गोड काहीही नको.

येसर मी पाठवतेय. तुझ्या आजीचीच कृती आहे: ज्वारी, बाजरी, गहू आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळं खमंग भाजायचं, मग धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी भाजून त्यात घालायचं, आणि सगळं एकत्र दळायचं. लग्नघरात येसर-मेतकुटाचा मान पहिला असायचा तो उगाच नव्हे. अचानक वीस माणसं दारात आली तरी आमटी वाढवता येते. माणशी एक मोठा चमचा येसर आणि सव्वा वाटी पाणी धर. पीठ आधी गार पाण्यात कालवून घे, गरम पाण्यात थेट टाकलंस तर गुठळ्या होतील. करडईच्या तेलात ठेचलेल्या लसणाची फोडणी, तिखट, हळद, मग हे कालवलेलं पाणी, मीठ, आणि चांगली उकळी. आमटी पातळच हवी. भाकरी चुरल्यावर ती दाटते.

भाकरीची तुला धास्ती आहे, मला माहीत आहे. मालदांडी ज्वारी घे आणि त्याच आठवड्यात दळून आण. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते, मग आपण हाताला दोष देतो. पाणी कडकडीत गरम घे, एका भाकरीपुरतंच पीठ मळ, तळहाताच्या टाचेनं भरपूर रगड. तव्यावर टाकली की लगेच पाणी फिरव. माणशी दोन, म्हणजे अठरा भाकरी. दुपारीच करून डब्यात भरून ठेवायचा मोह होईल; ठेवू नकोस. बोलणं संपल्यावर सगळ्या जणी स्वयंपाकघरात या, दोघींनी थापाव्यात, एकीनं भाजाव्यात, एकीनं ठेचा रगडावा. कुणाची वाकडी होईल, कुणाची फुगणार नाही. खरी चर्चा मला बहुतेक वेळा तव्याजवळच ऐकायला मिळालीय. हात गुंतलेले असले की बायका मनातलं बोलतात.

एक गोष्ट जरा जपून लिहिते. तू म्हणालीस की पुढं दलित आत्मकथनं घ्यायचीत आणि 'त्यातले पदार्थ' करायचेत. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५चं पुस्तक आधी सगळ्यांनी वाचा. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरी काय शिजत होतं, कशाशिवाय शिजत होतं आणि का, हे त्यांनी लिहून ठेवलंय. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आलं, तेव्हा मराठी न वाचणाऱ्या मैत्रिणीचीही अडचण नाही. पण वाचलं म्हणून लगेच रांधायला जाऊ नका. आमच्या भिशीत कुणीतरी असाच बेत सुचवला होता. आमच्यातली एक जण शांतपणे म्हणाली, "माझ्या आईनं जे मिटवायला जन्म घालवला, त्याची तुम्ही चव बघणार का?" त्या महिन्यात आम्ही फक्त चहा घेतला आणि वाचलं. मला आजही वाटतं की तेच बरोबर होतं. उलट दुसऱ्या एकीनं पुढं आपण होऊन आपल्या घरचं रांधून आणलं, मायेनं वाढलं, आणि आम्ही ते तसंच मायेनं खाल्लं. ज्यांचं अन्न आहे त्यांनी हौसेनं वाढलं तर जेवायचं. आपण दुसऱ्याच्या उपासाचा देखावा करायचा नाही.

'पाचोळ्या'लाही हे लागू आहे, बरं का. मातीची भांडी, पत्रावळी, कंदील, साडीचा पदर डोक्यावर, असलं काही आणू नकोस. तुझ्या रोजच्या स्टीलच्या ताटात वाढ. आणि आमटी कमी करू नकोस. कादंबरीत तंगी आहे म्हणून पाहुण्यांना अर्धपोटी उठवायचं नसतं.

महानोरांची 'गांधारी' तू पुढच्या महिन्याला म्हणतेस, ती आश्विनापर्यंत थांबव. पळसखेड्याच्या त्या कवीनं आयुष्यभर सीताफळांच्या बागा राखल्या. सीताफळं हातात असताना त्यांचं पुस्तक वाचण्यात काही वेगळंच आहे, आणि पौषात ती मिळायची नाहीत. त्या रात्री रांधूही नका. टोपलीभर फळं मधोमध ठेवा, बिया टाकायला एक पातेलं ठेवा, पुरे.

येसराचा डबा आणि पावशेर कारळ्याची चटणी आपल्या शेजारच्या काकांबरोबर पाठवतेय. ते बुधवारच्या एसटीनं निघतील, दुपारपर्यंत सिडको बसस्थानकावर पोचतील. त्यांना थांबायला लावू नकोस, गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना. डब्याचं झाकण सैल आहे म्हणून फडक्यात बांधलाय. डबा तुझ्या आजीचा आहे, तेवढा परत पाठव.

तुझी,
आत्या