वृद्धांची सोबत

वृद्ध माणसाच्या गरजांचा विचार करताना अन्न, औषध आणि निवारा या तीन गोष्टी प्रथम डोळ्यांसमोर येतात. सोबतीची गरज सहसा राहून जाते. ‘सोबतीला येणे’ हा मराठीतील जुना प्रयोग आहे. घरचा कर्ता परगावी गेला, की शेजारचे एखादे मूल रात्री त्या घरी निजावयास जाई. ते काही काम करीत नसे. परंतु त्याच्या असण्याने घराला धीर येई. असा शेजार जेथे आपोआप लाभत नाही, तेथे सोबतीची व्यवस्था विचारपूर्वक करावी लागते. छत्तीसगडमधील भिलाई हे अशा ठिकाणाचे बोलके उदाहरण होय.

सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभारण्यात आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर ‘सेक्टर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीही वसल्या. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून तरुण माणसे येथे आली. मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळी व पंजाबी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहू लागली.

जी पिढी एकदम आली, ती एकदमच वृद्ध झाली. येथील शेजार नात्यागोत्याने बांधलेला नव्हता, तो नोकरीने बांधलेला होता. निवृत्तीनंतर कारखान्याचे घर सुटले, की जुने शेजारीही पांगतात. मुले नोकरीसाठी दूरच्या शहरी जातात. ज्याचे आयुष्य तीन पाळ्यांच्या शिस्तीत गेले, त्याच्यापुढे अकस्मात मोकळा दिवस उभा राहतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना व ज्येष्ठ नागरिकांना निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. परंतु निर्वाहखर्च कायद्याने मिळू शकतो, संभाषण मिळत नाही. म्हणून सोबत हे शुश्रूषेहून आणि घरकामाहून वेगळे, स्वतंत्र काम आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या कामात पहिले महत्त्व नियमितपणाला आहे. आठवड्यातून दोनदाच, पण ठरल्या वेळी येणारा सोबती अधूनमधून दिवसभर बसणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो; कारण त्याची वाट पाहता येते. दुसरी गोष्ट भाषेची. स्मृती क्षीण होऊ लागली, की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि मातृभाषा टिकून राहते. आयुष्यभर हिंदीत व्यवहार केलेल्या आजींना मराठीत बोलणारे कोणी भेटले, तर त्यांच्या मनावरचा भार हलका होतो. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्याशी ओरडून न बोलता समोर बसून, ओठ दिसतील अशा रीतीने, सावकाश बोलावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. वृद्धाला जे स्वतः करता येते, ते सोबत्याने करू नये. भाजी निवडणे, पत्र लिहिणे, बँकेत जाणे ही कामे दोघांनी मिळून करावी. पैशांचे व्यवहार मात्र सोबत्याच्या हाती सोपवू नयेत. त्यात दोघांचेही हित आहे. भट्टीवर काम केलेल्या काकांना केवळ ‘जेवलात का?’ एवढेच विचारण्यापेक्षा वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून काय ओळखता येई, हे विचारावे. पहिल्या प्रश्नात ते सेवा घेणारे असतात. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना ते शिकविणारे होतात.

शेवटी, सोबत्याने स्वतः वृद्धाचा एकमेव आधार होऊन बसू नये. जुन्या सहकाऱ्याकडे घेऊन जाणे, मंडळात किंवा वाचनालयात पोहोचविणे, शेजारच्या घराशी ओळख करून देणे हाही त्याच्या कामाचा भाग आहे. तो आला नाही त्या दिवशीही त्या घराचे दार कोणीतरी ठोठावीत असेल, तर त्याने आपले काम उत्तम केले असे समजावे.