नियंत्रण यंत्रणेचा वीजपुरवठा : क्षमतेचा हिशेब

सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि दुर्ग-भिलाई परिसरात पूरक लघुउद्योग वाढले. असा उद्योजक पीएलसी, म्हणजे सुट्या मॉड्यूलांची नियंत्रण यंत्रणा, घेण्यासाठी मुदत कर्ज मागतो, तेव्हा कोटेशनमधील 'पॉवर सप्लाय' या किरकोळ वाटणाऱ्या बाबीकडे फारसे लक्ष जात नाही. यंत्र मात्र तिथेच अडते आणि हप्ताही.

येथे बहुधा दोन हिशेब स्वतंत्र मांडावे लागतात. पहिला रॅकमधील ५ व्होल्टचा; त्यासाठी प्रत्येक मॉड्यूलचा वापर माहितीपत्रकातून घेऊन बेरीज करावी. दुसरा २४ व्होल्टचा. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्यातील तूट भरून काढीत नाही.

समजा, २४ व्होल्टवर २० संवेदक प्रत्येकी १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.३ अँपिअर घेतात. ८ सोलेनॉइड व्हॉल्व्ह प्रत्येकी ०.२५, म्हणजे २. सीपीयू व मॉड्यूले ०.५. एकूण २.८ अँपिअर. चौथा हिस्सा राखीव धरता ३.५ होतात, म्हणून ५ अँपिअरचा संच योग्य. स्वस्त म्हणून अडीचचा घेतल्यास एरवी काम सुरळीत चालते, परंतु सर्व व्हॉल्व्ह एकदम उघडताच विद्युतदाब कोसळून नियंत्रक बंद पडू शकतो. असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

दुर्गच्या मे महिन्यात बंद पॅनेलमधील उष्णता बाहेरच्यापेक्षा अधिक असते व तापमानाबरोबर संचाची क्षमता घटते. छापील आकडा किती अंशांसाठी आहे, हे पुरवठादारास विचारावे. पुढे मॉड्यूल वाढविताना ५ व्होल्टचा हिशेब पुन्हा करावा. रॅकमध्ये जागा मोकळी असली तरी वीज शिल्लक असतेच असे नाही.