कोर्टाची ऑर्डर आणा, पण कोणत्या कोर्टाची?

येरमाळ्याजवळ दाजींचा अपघात झाला आणि त्यांना सोलापूरला हलवलं. जीव वाचला, शुद्ध काही आली नाही. खातं धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बँकेत, जमीन वाशी शिवारात, सोयाबीनची पट्टी नुकतीच जमा झालेली. पण ताईला त्यातला रुपया काढता येईना. बँकेत एकच उत्तर : "कोर्टाची ऑर्डर आणा." कोणत्या कोर्टाची, ते कोणी सांगेना.

मग सल्ल्यांचा पूर आला. एका वकिलांनी 1890च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज टाकला. तो चालला नाही. तो कायदा अज्ञानांसाठी, आणि दाजी पन्नाशीचे! दुसरे म्हणाले, पेशंट सोलापुरात आहे, तिथेच अर्ज दाखल करा. तिसऱ्यांनी मुखत्यारपत्र सुचवलं. बेशुद्ध माणूस सही कशी करणार? आणि आधी करून ठेवलेलं साधं मुखत्यारपत्रही, देणाऱ्याची समज गेली की 1872च्या करार कायद्याप्रमाणे संपतं.

खरी मेख अशी की, सज्ञान माणसाच्या पालकत्वाचा एकच एक कायदा आपल्याकडे नाही. आधी आजार बघायचा. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक स्तर समिती. तिच्यात जिल्हाधिकारी असतात, म्हणून अर्ज धाराशिवला. इतर दिव्यांगांसाठी 2016च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. मनोरुग्णाच्या मिळकतीवर व्यवस्थापक नेमण्याची सोय 1987च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडे होती. 2017चा कायदा आला आणि ती गळाली. कोमातल्या माणसासाठी तर स्वतंत्र कायदाच नाही. तिथे राज्यघटनेच्या 226व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात रिट. केरळ उच्च न्यायालयाने 2019मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि ऑगस्ट 2020मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं.

आता जागा. धाराशिव जिल्हा औरंगाबाद खंडपीठाकडे. सोलापूर ऑगस्ट 2025पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. दाजींचं घर, खातं, जमीन सगळं वाशीत, म्हणून आम्ही संभाजीनगरला गेलो. तिथल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत रेशनकार्ड, सातबारा आणि तलाठ्याचा रहिवासी दाखला मागितला. माणूस दवाखान्यात दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी त्याचं राहणं कुठलं, ते या कागदांवरून दिसतं. एक गंमत : पत्त्यात नुसतं 'वाशी' वाचून टंकलेखकाने पुढे नवी मुंबई जोडलं होतं! 'तालुका वाशी, जिल्हा धाराशिव' असंच लिहा.

केरळच्या तत्त्वांप्रमाणे मेंदूविकारतज्ज्ञासह वैद्यकीय मंडळाचा अहवाल, तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्याची चौकशी, मिळकतीचा पूर्ण तपशील आणि सगळ्या वारसांना पक्षकार करणं हे सगळं लागतं. ताईच्या दिरांची संमतीपत्रं सुरुवातीलाच जोडल्याने पुढचे वाद टळले. पालक नेमल्यावरही हात मोकळे होत नाहीत, खर्चाचा हिशेब न्यायालयाला द्यावा लागतो. द्यायलाच हवा, पैसा त्या माणसाचा आहे.

तुमच्या घरी बौद्धिक अक्षमता असलेलं लेकरू असेल, तर त्याला अठरा पूर्ण होताच तुमचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं. बँकेने अडवेपर्यंत थांबू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात समितीचा अर्ज आजच मागा. आणि नवरा-बायकोचं किमान एक खातं, दोघांपैकी कोणाच्याही सहीने चालेल असं करून घ्या.