ब्याण्णव चाचण्या आणि राहिलेला पट्टा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मार्चमध्ये झालेल्या त्या ‘आरोग्य शिबिरात’ मीही पैसे भरले. हो, बँकेत नोकरी करून भरले. टेबलामागचे गृहस्थ ‘प्रिव्हेंटिव्ह तज्ज्ञ’ होते म्हणे. गळ्यात स्टेथोस्कोप होता. कुणाच्या छातीला लावलेला मी पाहिला नाही. ९२ चाचण्या, ४,५०० रुपये. “मॅडम, ८०डीमध्ये पाच हजारांपर्यंत सूट आहे, म्हणजे फुकटच!” ती वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही, हे मला ठाऊक असूनही मी मान डोलावली.

रिपोर्टात सीए-१२५ लाल अक्षरांत: ४१, हद्द ३५. फोनवर तज्ज्ञ म्हणाले, “कॅन्सर नाही असं सांगता येत नाही. आमच्याच सेंटरला स्कॅन करा.” मला फायब्रॉइड आहेत. त्यांच्यामुळे, अगदी पाळीच्या दिवसांतही, हा आकडा चढू शकतो. पण विचारलं कुणी? अकरा रात्री डोळ्याला डोळा नाही.

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. सीए-१२५ साठी त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. निघाल्या त्याच जुन्या गाठी. पण पाठवण्याआधी जुन्या डॉक्टरांनी रिपोर्टची चळत बाजूला सारून दंडाला पट्टा बांधला. पाच मिनिटं बसवून पुन्हा बांधला. १६८/१०२. “हे कुणी मोजलं नव्हतं?”

रक्त ब्याण्णव तऱ्हांनी तपासलं, त्याचा दाब कुणी पाहिला नव्हता.

चेअरमनकाका म्हणतात, “शिबिरामुळेच डॉक्टरकडे गेलीस ना!” हॉलचं भाडं किती घेतलं, ते मात्र सांगत नाहीत.

तर, कागदावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा, नसेल तर उठा. ‘प्रिव्हेंटिव्ह’ विषयाचे खरे एमडी, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनचे, बहुतेक मेडिकल कॉलेजांत नाहीतर सरकारी कामात असतात. गल्लीत पाटी लावून क्वचितच. म्हणून असा फॅमिली डॉक्टर धरा, जो सुईआधी आईवडिलांचे आजार विचारतो, तंबाखूचं विचारतो, कमरेला टेप लावतो. बाईची कमर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची ९० च्या वर गेली की बोलतो. कॅन्सरचे ‘मार्कर’ धडधाकट माणसाने सरसकट करू नयेत. तीस ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणीही तिथे होते. आणि चाला, मीठ कमी करा, ते सगळं आहेच.

लिफ्टमध्ये पुढच्या शिबिराची चिठ्ठी लागली आहे. तेच पॅकेज, तेच गृहस्थ. बी विंगवाल्यांनो, पैसे काढण्याआधी त्यांना पट्टा आणलाय का विचारा.